'शांतता राखा' ही पाटी आमच्या भिंतीवर नको!



आमच्या वस्तीतल्या वाचनालयात एक पाटी लागायची आहे. पेंटरकडं पत्रा गेलाय. निळ्यावर पांढरी अक्षरं : 'शांतता राखा'. रंग आपला, पेंटर आपल्याच गल्लीतला, मजकूर मात्र दुसऱ्यांचा. हे लिहितोय ते त्या पाटीविरुद्ध.

पाटी एकटी येत नाही. तिच्यामागं ठराव आहे. संध्याकाळचे सगळे कार्यक्रम बंद करायचे. खोलीत प्लायवूडची पार्टिशनं टाकून वीस खुर्च्यांची अभ्यासिका काढायची. एका खुर्चीचे महिन्याला ३०० रुपये. पुस्तकांची कपाटं उचलून विहाराच्या मागच्या पडवीत. ठराव मांडणारे कुणी शेंडीवाले नाहीत. आपलेच आहेत, जयभीम म्हणूनच मांडताहेत. पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी समितीची बैठक आहे. खोलीची किल्ली माझ्याकडं असते, म्हणून बैठकीत "तुझा इंटरेस्ट आहे, तू गप बस" म्हणतील. तेव्हा आत्ताच छापून बोलतो.

ठरावात आमच्या संध्याकाळच्या कार्यक्रमांना एकच शब्द वापरलाय : गोंगाट. तर हा गोंगाट काय आहे ते आधी सांगतो.

खोली बारा बाय वीस. वर पत्रा. अकराशेच्या आसपास पुस्तकं. वर्गणी नाही, अनामत नाही, जामीनदार नाही. नाव सांगा, पुस्तक न्या. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सातला पेपर मोठ्यानं वाचला जातो. ऐकायला येतात कंत्राटी झाडूवाल्या बाया, नाक्यावर उभे राहणारे मजूर, डोळे गेलेले म्हातारे. नुसतं ऐकत नाहीत, भांडतात. मंगळवारी कागद. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा कुठून काढायचा, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, माहिती अधिकाराचा अर्ज. बुधवारी फक्त बाया आणि पोरी. शुक्रवारी एक पुस्तक घ्यायचं, तासभर वाचायचं, तासभर त्याच्यावर वाद घालायचा. रविवारी सकाळी पोरं. चित्रं काढतात, गोष्ट ऐकतात, ऐकलेली गोष्ट मोडून आपली करतात. महिनाअखेर भिंतीवर हातानं लिहिलेलं वार्तापत्र लागतं. त्यात नळाला पाणी किती वाजता येतं इथपासून कुणाच्या पोरीनं कुणाला काय ऐकवलं इथपर्यंत सगळं असतं.

हा गोंगाट.

आता या गोंगाटातनं काय निघालं ते एकदा ऐका. एका गुरुवारी झाडूकाम करणाऱ्या एका आक्कानं पेपर संपल्यावर कनवटीचा कागद काढला. पगाराची चिठ्ठी. "एवढं वाच बाबा." वाचलं. कपातीच्या रकान्यात प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम. आक्का म्हणाली, "कापत्यात, ते कळतंय. ते जातंय कुठं?" कुणाकडंच उत्तर नव्हतं. पुढच्या गुरुवारी बारा जणींच्या चिठ्ठ्या टेबलावर आल्या. कॉलेजातल्या एका पोरानं मोबाईलवर एकेकीचं खातं उघडलं. कपात दर महिन्याची होती, भरणा मधेच थांबला होता. तिथंच बसून अर्ज लिहिला, मोठ्यानं वाचला, बाराही जणींनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या. "विनंती आहे" हा शब्द काढून "मागणी आहे" घाला हे सांगणारी बाई अंगठा लावणारी होती. ठेकेदार आधी हसला. नंतर थकलेले महिने भरायला लागला.

त्या दोन गुरुवारी वाचनालयातून पुस्तकं किती गेली? एकही नाही. देवघेवीचं रजिस्टर कोरं. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशी वाचनालयात काहीच घडलं नाही.

बुधवारचंही सांगतो, जेवढं मला बाहेर कळतं तेवढं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. फलटणच्या दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलेलं पुस्तक. ते आमच्या पोरी आलटूनपालटून वाचत होत्या. सासरवासाच्या पानावर आल्यावर साठीची एक आत्या पोरीला थांबवून म्हणाली, "हे माझं हाय. हिला कुणी सांगितलं?" त्यानंतर त्या बुधवारी पुस्तक पुढं सरकलं नाही. आत्याच बोलत राहिली. चाळीस वर्षांचं तुंबलेलं. आता सांगा, त्या खोलीत 'शांतता राखा' अशी पाटी असती तर आत्या बोलली असती? पाटी तिला वाचता आली नसती, पण कुणीतरी बोट दाखवून सांगितलं असतंच.

ही पाटी आली कुठून, ते बघू.

रत्नागिरीत १८२८ साली नगर वाचनालय निघालं. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकारानं नेटिव्ह लायब्ररी निघाली, तिचंच पुढं नगर वाचन मंदिर झालं. त्याच पुण्यात, त्याच १८४८ साली जोतिरावांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एका गावात, एका वर्षी, अक्षराची दोन दारं उघडली. पहिल्या दारात जाणाऱ्यांवर कुणी दगड मारला नाही. दुसऱ्या दाराकडं निघालेल्या सावित्रीमाईवर शेण फेकलं. दोन्ही ठिकाणी पुस्तकंच होती. फरक एवढाच, की पहिल्या खोलीतले लोक वाचून घरी जाणार होते आणि दुसऱ्या खोलीतल्या पोरी वाचून बोलणार होत्या.

पुढं १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. यादी नीट वाचा. वाचनालय त्या यादीत नाही. पोरानं शाळेत जावं इथपर्यंत सभागृहाचं मन मोठं झालं. पण शाळेतून बाहेर पडलेल्या अस्पृश्यानं चारचौघांत बसावं, पेपर उलगडावा, मत द्यावं, त्याची जागा कुठली हे यादीत आलंच नाही.

आज कुणी दारावर 'अस्पृश्यांना मज्जाव' लिहीत नाही. लिहायची गरजच राहिली नाही. शहरातल्या एका नावाजलेल्या वाचनालयात मी सभासद व्हायला गेलो होतो. अनामत भरा, दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणा, पत्ता सांगा. पत्ता सांगितला. बाई फॉर्म लिहिता लिहिता थांबल्या. "तिकडून एवढ्या लांब रोज येणार तुम्ही?" अंतर दोन किलोमीटर. दोन सभासद मी कुठून आणणार? माझ्या बापानं त्या इमारतीच्या पायात खडी ओतलीय, पण खडी ओतणाऱ्याची सही चालत नाही.

आणि त्यांचे कार्यक्रम बघा. वसंतात व्याख्यानमाला, दिवाळीत दिवाळी अंकांची योजना, संक्रांतीला वाचक भगिनींचं हळदीकुंकू, श्रावणात पाककृती स्पर्धा. सरकारी अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक जागेत हळदीकुंकू! विधवेला बोलवत नाहीत, बौद्ध बाई जात नाही, मुसलमान बाईचा प्रश्नच येत नाही. मग 'सार्वजनिक' या शब्दात उरलं कोण? वर्षातून एकदा, एप्रिलमधे, एक दलित कवी बोलावतात. शाल, श्रीफळ, चहा. तो कवी जळजळीत वाचतो, पहिल्या रांगेतले "वा" म्हणतात, आणि तो गेल्यावर पुन्हा शांतता.

त्यांना ती शांतता शोभते. ज्याच्या घराचं म्हणणं चार पिढ्या ऐकून घेतलं गेलंय, त्याला घटकाभर गप्प बसणं ही चैन आहे. आम्हाला गप्प बसा म्हणणं हा हुकूम आहे. हुकूम नवा नाही, फक्त पत्रा नवा आहे.

ठरावाच्या बाजूचे लोक म्हणतात, बाबासाहेब वाचायचे तेव्हा राजगृहात टाचणी पडली तरी ऐकू यायची. असेल. रात्ररात्र वाचायचे हे खरंच. पण वाचलेलं घेऊन बाबासाहेब कुठं गेले? १९३५ साली येवल्याच्या परिषदेत गेले. १९३८ साली संपकरी गिरणीकामगारांपुढं गेले. आणि त्याच्याही आधी, २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिचे उद्देश काढून बघा. वसतिगृहं काढणं हा एक. आणि वाचनालयं, समाजकेंद्रं, अभ्यासवर्ग काढणं हा दुसरा. तिन्ही एका दमात, एका कलमात. वाचनालय वेगळं, सभा वेगळी, वर्ग वेगळा अशी फाळणी त्यांनी केलेली नाही. सभेनं १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं, मुंबईत मोफत वाचनालय चालवलं आणि त्याच्या जोडीला महार हॉकी क्लबही चालवला. वाचनालय आणि हॉकी! दारू-जुगारापासून पोरं ओढून काढायची होती. आजच्या समितीनं असता तर हॉकी स्टिका जप्त केल्या असत्या.

आणि १९२० साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव काय होतं? 'मूकनायक'. मुक्यांचा पुढारी. ज्या समाजातले वाचणारे बोटावर मोजण्याइतके, त्या समाजासाठी पेपर काढला तो कुणाच्या भरवशावर? एक वाचील आणि दहा ऐकतील, या भरवशावर. चाळीचाळीत, चावडीचावडीत 'जनता' मोठ्यानं वाचला गेला म्हणून चळवळ उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्या निरक्षर होत्या, पण त्यांना गोलमेज परिषद माहीत होती. ती त्यांना पुस्तकाच्या कपाटानं सांगितली नाही, वाचणाऱ्याच्या गळ्यानं सांगितली. आमचा सोमवार-गुरुवार हा त्याच गळ्याचा वारस आहे. त्याला तुम्ही गोंगाट म्हणता?

आता सरकारकडं वळू.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात झाला, १९४५ साली. मद्रासनं १९४८ साली कायदा केला आणि ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवला, म्हणजे हक्काचा पैसा. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ साली. त्यात असा कर नाही. सरकार देईल ते घ्यायचं. ग्रंथालयांचे वर्ग पाडले अ, ब, क, ड. बघा, चारच वर्ग, वरून खाली! २०१२ सालच्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि जुन्यांचा दर्जा वाढवणं थांबवलं. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. यातच ग्रंथपालाचा पगार, यातच पुस्तकं, यातच वीज. तेवढ्यासाठीही आम्ही कागद घेऊन गेलो होतो. टेबलापलीकडचा म्हणाला, नवीन बंद आहे. म्हणजे आम्ही अ नाही, ब नाही, क नाही, ड पण नाही. चारांच्या बाहेरचे. पंचम! हे वाचून हसू नका. शासनाच्या वर्गवारीतसुद्धा आपली जागा कुठं निघते ते ध्यानात घ्या.

आणि समजा मान्यता मिळालीच, तर मोजणार काय? पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती. अंगठेवाल्या आक्कानं ऐकलेला पेपर कुठल्या रकान्यात लिहायचा? तिच्या हातानं दुरुस्त झालेला अर्ज कुठल्या रकान्यात? म्हणून तर कागदावर दहा हजार पुस्तकं आणि दाराला गंजलेलं कुलूप अशी वाचनालयं या राज्यात जगतात आणि उघड्या दाराची मरतात.

पुस्तकं पुरवायची म्हटली तर काय करतात तेही बघा. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड सरकारनं १९७९ साली काढला. लोक दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर रांगा लावून खंड मागतात. २०२१ साली बातमी फुटली : खंडांच्या नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि छापल्या फक्त ३३ हजार प्रती. मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोरा कागद गोदामात पडून आणि आमच्या कपाटात अठराव्या खंडाची झेरॉक्स, तीही पोरांनी पैसे काढून केलेली. शांतता त्या गोदामात आहे. तिथं लावा पाटी.

आता मुख्य गोष्ट. अभ्यासिकेवाल्या पोरांशी बोलायचंय. गड्यांनो, मी तुमच्या विरुद्ध नाही. दहा बाय दहाच्या घरात टीव्ही, चूल, म्हातारा आजा आणि भांडण यांच्यामधे राज्यघटनेची कलमं पाठ होत नाहीत, हे मला कळतं. एमपीएससीचा फॉर्म भरणाऱ्या पोराला शांत कोपरा पाहिजे, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. पण तो आक्काची जागा हिसकावून का? दिवसाचे तास चोवीस. कार्यक्रम चालतात दोन तास. उरलेल्या बावीस तासांत खोलीला कुलूप का असतं, हा प्रश्न समितीला विचारायचं सोडून तुम्ही आक्काकडं बोट का दाखवता?

आणि ३०० रुपये कोण देणार? ज्याचा बाप रिक्षा चालवतो तो एखादवेळ देईल. ज्याची आई भंगार वेचते त्याचं काय? पोरगी असेल तर घरचे आधी पोराची खुर्ची भरतील. म्हणजे वस्तीत पुन्हा खुर्चीवाले आणि बिनखुर्चीवाले. वीस खुर्च्यांतून दोन जण सायब होतील, चांगलंच आहे, व्हा. पण मग काय? फ्लॅट घेणार, आडनाव आखूड करणार, आणि वस्तीत येणार ते चौदा एप्रिलला गाडी लांब लावून. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेब शिकलेल्यांवर का संतापले होते, ते आठवा. एकट्यानं गप्प बसून वाचलेलं माणसाला वस्तीबाहेर काढतं. चारचौघांत मोठ्यानं वाचलेलं सगळी वस्ती उभी करतं. आम्हाला दोन्ही पाहिजे. ठराव म्हणतो एकच घ्या.

आणि हा ठराव नेमका आत्ता का आला? आक्काच्या चिठ्ठीनंतर आला. ज्या ठेकेदाराला थकलेले पैसे भरावे लागले, त्याचं ऊठबस कुठल्या पुढाऱ्याकडं आहे ते वस्ती जाणते. तोच पुढारी आता प्लायवूड द्यायला तयार झालाय, टाइल्स द्यायला तयार झालाय, दारावर स्वतःच्या फोटोचं फ्लेक्स लावायला तर कायमच तयार असतो. इतकी वर्षं गळका पत्रा बदलून मागितला तेव्हा त्याचा फोन लागत नव्हता. समितीतल्या बुजुर्गांनो, तुम्ही नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्यात. १९७८ पासून १९९४ पर्यंत विद्यापीठाच्या दारावर एका नावासाठी तुम्ही लढलात. त्या तुमच्या हातानं वस्तीतल्या बायांच्या तोंडावर पाटी ठोकणार? अकरा जणांच्या समितीत एकही बाई नाही. बुधवार बंद करायचा ठराव अकरा पुरुष करणार. मनुस्मृती १९२७ साली जाळली म्हणतात. राख नीट विझली नव्हती वाटतं.

म्हणून रविवारी बैठकीत आमचं म्हणणं हे :

१) वाचनालय फुकट होतं, फुकटच राहील. खुर्चीला भाडं नाही.

२) खोली पहाटे पाचला उघडायची. दिवसभर अभ्यास, पूर्ण शांततेत. संध्याकाळी सात ते नऊ वस्तीची वेळ. नऊनंतर मध्यरात्रीपर्यंत पुन्हा अभ्यास. किल्ली माझ्याकडून काढून घ्या, पाच पोरापोरींत पाळीपाळीनं फिरवा.

३) अभ्यास करणाऱ्यानं फी द्यायची ती अशी : आठवड्यातून एक तास वस्तीला वाचून दाखवायचं किंवा कुणाचा अर्ज लिहून द्यायचा. जो उद्या तहसीलदार होणार, त्यानं आज अर्जदाराशेजारी बसून बघावं.

४) बुधवार बायांचाच. आणि समितीत निम्म्या बाया. आक्का आणि आत्या पहिल्या.

५) कपाटं दर्शनी भागात, बिनकुलपाची. पुस्तक चोरीला गेलं तर वाचायलाच गेलं असेल.

६) पुढाऱ्याचं प्लायवूड परत. पत्रा आपण श्रमदानानं बदलू.

७) सरकारला सांगायचं : नव्या ग्रंथालयांना मान्यता द्या, कायद्यात ग्रंथालयाचा हक्काचा पैसा घाला, आणि वाचून दाखवणं, लिहून देणं, वाद घालणं हे ग्रंथालयाचं काम म्हणून मोजा. हे मागायला एकट्या वस्तीनं जायचं नाही. प्रत्येक विहारात एक कुलूपबंद कपाट आहे. ती सगळी कपाटं उघडा, आणि सगळे मिळून जाऊ.

ठराव पास झाला तरी पेपरवाचन थांबणार नाही. खोलीत नाही तर ओट्यावर होईल, ओट्यावर नाही तर नळावर होईल. पण खोली का सोडायची? खोलीच्या विटा आपल्या आयांनी वाहिल्यात.

रविवारी सकाळी दहाला या. घरातल्या बायांना घेऊन या. बोलता येत नाही म्हणणाऱ्यांना तर आधी आणा. आणि मोठ्यानं बोला!

जयभीम!